चार सेकंदांची मर्यादा

त्या गुरुवारी सकाळी प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमधल्या पडद्यावर, एका तासिकेच्या चित्रीकरणात, चौथीतली एक मुलगी उभी होती आणि काहीच बोलत नव्हती. समोर चाळीस शिक्षक बसले होते. पडद्याच्या खालच्या कडेला एक पट्टी सरकत होती. चार सेकंदांपर्यंत ती हिरवी होती, मग लाल झाली आणि लालच राहिली.

"चौदा सेकंद," रेवती गायकरने चित्र थांबवलं. "एक मुलगी उभी, सव्वीस मुलं बसलेली, आणि चौदा सेकंद वर्गात काहीही घडत नाही. याला आपण काय म्हणतो?"

"मृत वेळ!" हॉल एका सुरात म्हणाला. शिक्षकांना एका सुरात उत्तर द्यायला आवडतं. जन्मभर दुसऱ्यांकडून तेच करून घेतलेलं असतं.

"मॅडम, एक विचारू?" दुसऱ्या बाकावरून आवाज आला. "ती मुलगी काही मेली नव्हती. पंधराव्या सेकंदाला उत्तर दिलं तिने. तुम्ही त्याच्या आधीच थांबवलंत."

हॉल हसला, कारण विचारणारी बाई रेवतीची आई होती.

उज्ज्वला गायकर करंजघोटच्या जिल्हा परिषद शाळेत एकोणतीस वर्षं शिकवत होत्या. रेवती पहिली ते चौथी त्यांच्याच वर्गात होती. शाळेच्या फाटकाच्या आत त्यांना 'बाई' म्हणायचं, असा घरचा नियम होता. चुकून 'आई' म्हटलं तर बाईंना ऐकू येत नसे. आता बाजू उलटली होती. केंद्राच्या पायऱ्या चढल्या की आई तिला 'मॅडम' म्हणायची, आणि तीन वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

"कानोशाने चौथ्या सेकंदालाच सुचवलं होतं," रेवती म्हणाली. "'पर्याय द्या' म्हणून."

"कानातलं काढून ठेवलं होतं मी."

"का?"

"खाज सुटते, मॅडम."

आता हॉल मनापासून हसला. रेवतीही ओठ मिटून हसली आणि तिने पुढचं चित्र लावलं.

कानोसा म्हणजे वर्गाच्या छताला लावलेली ताटलीएवढी पांढरी तबकडी. राज्यभरच्या शाळांत ती बसवायला सुरुवात होऊन तीन वर्षं झाली होती. तिच्यात सोळा मायक्रोफोन होते. तीस मुलं एकदम कलकलाट करत असली तरी ती प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायची, कोण पाढा नुसता ओठांनी पुढे ढकलतंय, कोण शेजारच्याचं ऐकून म्हणतंय, हे ओळखायची आणि बाईंच्या कानातल्या गोळीत हळूच सांगायची: तिसऱ्या ओळीत हातचा चुकतोय, पुन्हा सांगा. वर्गाबाहेर, अंगणात किंवा शेतावर शिकवायचं असेल तर गळ्यात अडकवायची एक छोटी पेटीही मिळायची.

यंत्राला एकच गोष्ट जमत नव्हती. जिथे आवाजच नाही, तिथे काय चाललंय हे त्याला कळत नसे. मूल गप्प राहिलं की कानोसाही गोंधळायचा. मग त्याला नियम कोणीतरी माणसाने घालून द्यायला हवा होता. रेवतीने दोन हजार तासिकांची ध्वनिमुद्रणं ऐकून आलेख काढला होता. ज्या मुलांना उत्तर येतं, त्यांतली बहुतेक चार सेकंदांच्या आत बोलतात. त्यानंतर थांबणं म्हणजे बाकीच्यांचा वेळ घालवणं. तेव्हापासून चौथ्या सेकंदाला कानोसा शिक्षकाला टोकू लागला. खात्याच्या कागदांत या चार सेकंदांना 'गायकर मर्यादा' म्हणत.

दुपारी शेरे भरायचे होते. उत्तम, समाधानकारक, पुन्हा सराव आवश्यक. आईच्या तासिकेत एकतीस लाल पट्ट्या होत्या. रेवतीने तिसऱ्या चौकटीत खूण केली. याचा अर्थ बारा शनिवारचं प्रशिक्षण आणि सेवापुस्तकात नोंद. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. आईने चष्मा लावला, शेरा वाचला, ठळक अक्षरात सही केली आणि पेन परत दिलं.

"आपलं पेन, मॅडम."

जेवायला दोघी जिन्याखालच्या बाकावर बसल्या. बाजरीची भाकरी, कारळ्याची चटणी, कांदा. आईने मोठी भाकरी तिच्याकडे सरकवली.

संध्याकाळी रेवती तिला सोडायला बसस्टँडवर गेली. तिथे आई पुन्हा आई झाली. आधी तिने रेवतीच्या ड्रेसच्या बाहीला लागलेला खडू झटकला.

"रेवे, एक सांग," ती म्हणाली. "मशीनचं राहू दे. तुला काय वाटतं? मी चुकते का गं?"

रेवतीला उत्तर माहीत होतं. तिने ती तासिका शेवटपर्यंत ऐकली होती. पंधराव्या सेकंदाला गौरी मेंगाळ काय म्हणाली तेही ऐकलं होतं, आणि म्हणूनच हॉलमध्ये चित्र चौदाव्या सेकंदाला थांबवलं होतं. ती समोरच्या फलाटाचा नंबर वाचत राहिली. आई वाट पाहत होती. घाई न करता, वर्गात पाहायची तशी.

मग विजेवरची बस आवाज न करता येऊन उभी राहिली.

"जाते. डबा लगेच धू, नाहीतर वास मारतो," आई म्हणाली आणि चढली.

*

शुक्रवारी पावणेअकराला परिपाठ संपला. बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

मुलं बसून राहिली. बाई गप्प झाल्या की वाट बघायची, हे त्यांना चार वर्षांत पक्कं शिकवलेलं होतं. कोणी हाक मारली नाही, कोणी उठलं नाही. टेबलावर काढून ठेवलेली कानातली गोळी बारीक आवाजात 'पुढे चला, पुढे चला' म्हणत राहिली. सहा मिनिटांनी गौरी मेंगाळ उठली आणि शेजारच्या वर्गातून धिंदळे गुरुजींना बोलावून घेऊन आली.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्या मिनिटातच सगळं संपलं असणार.

वडील सात वर्षांपूर्वीच गेले होते, त्यामुळे सगळं रेवतीनेच केलं. दहावा झाला, तेरावा झाला. माणसं आली, चहा प्याली, बाईंनी आम्हाला शिकवलं म्हणाली. रेवती सगळ्यांना 'हो' म्हणत होती. लोक रडत होते तेव्हा ती त्यांच्या कपबशा उचलत होती. डबा तिने गुरुवारीच धुतला होता. तो ओट्यावर पालथा पडून होता, आणि येता-जाता तिची नजर त्याच्यावर पडत होती एवढंच.

*

पंधराव्या दिवशी ती कामावर गेली. केंद्राचे प्रमुख दातीर सर दारातच उभे होते. साठीला आलेले, पोट सुटलेले, स्वभावाने भले.

"अहो, अजून आठवडाभर घ्यायची होतीत रजा."

"घरी काय करू, सर?"

"तेही खरंच." त्यांनी खुर्ची ओढून दिली, स्वतः उभेच राहिले. "नको त्या वेळी सांगतोय, पण सोमवारी फाईल वर जायचीय. तुमची मर्यादा आता सगळ्या जिल्ह्यांना बंधनकारक होणार. शेऱ्यासकट, सेवापुस्तकातल्या नोंदीसकट. शेवटच्या पानावर मूळ संशोधकाची सही लागते."

"आणा. करते."

"वाचा तरी. आणि कानोशाची नवी आवृत्ती आलीय, ती पण बघा. आता पोरांच्या मनातलंही ऐकू येतं म्हणे. माझ्या मनातलं नाही आलं म्हणजे मिळवली."

नवी आवृत्ती म्हणजे नवं यंत्र नव्हतं. आपण मनात बोलतो तेव्हा जीभ आणि घसा अगदी थोडे हलतात, ओठ मिटलेले असले तरी. आवाज होत नाही, पण हालचाल होते, केसाच्या जाडीएवढी. छतावरची तबकडी पहिल्या दिवसापासून अतिशय मंद रेडिओलहरी सोडत आली होती, छातीच्या हालचालीवरून वर्गातली डोकी मोजून हजेरी लावण्यासाठी. त्याच लहरींत, आणि गळ्यातल्या पेटीच्या लहरींतही, घशाच्या हालचाली उमटत होत्या. तीन वर्षांची माहिती साठून पडली होती, ती वाचता येत नव्हती इतकंच. आता येत होती. मुलाची शांतता रिकामी असेल तर पट्टी राखाडी दिसे. आत काही चाललेलं असेल तर निळी.

रेवतीने हे सगळं वाचलं आणि तिला काहीच वाटलं नाही. फाईलच्या शेवटच्या पानावर तिने पेन टेकवलं. तेवढ्यात तिला आठवलं की आईच्या नावावर दिलेली गळ्यातली पेटी जमा व्हायची आहे. मृत कर्मचाऱ्याकडचं साहित्य तीस दिवसांत परत करायचं असतं. काहीतरी करायचं मिळालं म्हणून तिने पेनाला टोपण लावलं.

*

करंजघोटची शाळा दोन खोल्यांची होती. धिंदळे गुरुजींनी दोन्ही वर्ग एकाच खोलीत घेतले होते. रेवतीला पाहून ते बाहेर आले. पन्नाशीचे, किडकिडीत, खिशात दोन पेनं.

"पेटी कपाटात आहे. रुमालात गुंडाळून ठेवलीय," ते म्हणाले. "शेवटच्या गुरुवारी बाई ती गळ्यात तशीच घालून आल्या होत्या, तुमच्याकडून. शुक्रवारी सकाळी आल्याबरोबर मला म्हणाल्या, 'गुरुजी, हिचं बटण कुठलं हो?' आम्हाला दोघांनाही सापडलं नाही. चार्जिंग संपून ती बहुधा गुरुवारीच बंद पडली असेल."

कपाटातून रुमाल काढताना ते थांबले.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू? मला 'उत्तम' शेरा आहे. कसा मिळवला, माहितीय?"

"कसा?"

"प्रश्नच बदलले. आधी विचारायचो, विहिरीतलं पाणी उन्हाळ्यात का आटतं. आता विचारतो, विहिरीत काय असतं? 'पाणी!' दीड सेकंद. हिरवी पट्टी. तुमच्याकडे प्रशिक्षणाला येणारे आम्ही सगळे असंच करतो. बाई हसायच्या मला. म्हणायच्या, 'गुरुजी, तुमच्या वर्गात सगळ्यांना सगळं येतं, मग शाळेत कशाला येतात ती?'"

रेवती रुमालाच्या गाठीकडे पाहत राहिली. तिचे आलेख तीन वर्षं चढत होते. उत्तरांचं प्रमाण एकोणनव्वद टक्क्यांवर गेलं होतं. त्यावर तिने दोन भाषणं दिली होती. प्रश्न कोणते होते, हे तिने पुन्हा तपासलंच नव्हतं.

"गौरी मेंगाळ आहे आज?"

"आहे. पण बोलत नाही ती, तेव्हापासून."

मुलगी व्हरांड्यात आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा लहान होती. दोन वेण्या, गुडघ्याला वाळलेली खपली. रेवती पायरीवर बसली.

"मी गायकर बाईंची मुलगी."

गौरीने मान हलवली. माहीत होतं.

"तू गुरुजींना बोलावलंस ना त्या दिवशी?"

रेवती मनात मोजू लागली. सवयच होती. एक, दोन, तीन, चार. इथे पट्टी लाल होते. पाच, सहा. तिला वाटलं, पर्याय द्यावेत. भीती वाटली का, की रडू आलं? सात, आठ. मुलीचा गळा हलत होता. नऊ, दहा.

"मी लय उशिरा गेले," गौरी म्हणाली. "मला वाटलं, बाई वाट बघतायत. आम्ही कोणी उत्तर द्यायची."

रेवतीने तिचा हात धरला.

"उशीर नाही झाला तुझ्याकडून. डॉक्टरांनी सांगितलंय. तू गेलीस तेव्हा बाई आधीच गेलेल्या होत्या. खरं सांगतेय."

गौरी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. या वेळी रेवतीने मोजलं नाही.

"त्या कुणाला कधी घाई करायच्या नाही," शेवटी गौरी म्हणाली आणि आत पळाली.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. बाहेर जिन्याखाली शिक्षकांचे डबे उघडले होते, कोणीतरी कुणाच्या लोणच्याची थट्टा करत होतं. रेवतीने दार लोटून घेतलं आणि आईची ती तासिका नव्या आवृत्तीतून पुन्हा चालवली.

एकतीस लाल पट्ट्यांपैकी एकोणतीस निळ्या झाल्या.

पडद्यावर आई विचारत होती, "पाटी अर्धी पुसली. उरलेल्या अर्ध्यातली पुन्हा अर्धी पुसली. आता लिहिलेलं किती राहिलं? गौरी?" आणि मग ते चौदा सेकंद. आता यंत्र सांगत होतं की मुलीने प्रश्न आधी स्वतःशी घरच्या ठाकरी बोलीत म्हटला होता. दोनदा. मग त्याच बोलीत उत्तर काढलं होतं, मग ते पुस्तकातल्या मराठीत आणलं होतं आणि मग मोठ्याने म्हणायचं धैर्य गोळा केलं होतं. चार कामं. रेवतीने यापूर्वी ऐकलेल्या दोन हजार तासिकांत घरी वेगळी बोली बोलणारी मुलं किती होती? तो रकानाच तिने केला नव्हता.

"पाव, बाई," गौरी म्हणाली. या वेळी रेवतीने चित्र थांबवलं नाही, म्हणून तिला पुढचंही दिसलं. आईने 'शाब्बास' म्हटलं नाही. नुसती मान डोलावली, आपल्याला हे येणारच होतं अशासारखी.

रेवतीने फाईल उघडली. सहीच्या जागेवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'ही मर्यादा मी घातली होती. ती चुकीची आहे. तिच्यामुळे शिक्षकांनी अवघड प्रश्न विचारणं सोडलं. मर्यादा काढून टाकावी आणि तिच्या आधारे दिलेले सर्व शेरे रद्द करावेत.' अशा एक हजार एकशे नोंदी होत्या. एक नोंद अशा व्यक्तीची होती, जिचं सेवापुस्तक बंद झालं होतं. तीही रद्द करावी, असं तिने वेगळ्या ओळीत लिहिलं.

मग तिने पेटी जोडली. जमा करण्याआधी आतलं ध्वनिमुद्रण उतरवून घ्यायचं असतं. शेवटची नोंद गुरुवारची होती, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटं.

आधी बसस्टँडचा गलका आला. कोणीतरी शेंगा विकत होतं. मग अगदी जवळून, साडीच्या सळसळीतून आवाज आला.

"रेवे, एक सांग. मशीनचं राहू दे. तुला काय वाटतं? मी चुकते का गं?"

आणि शांतता. पडद्यावर पट्टी सरकू लागली. चार सेकंद, दहा, पंधरा. एकोणीस. मग "जाते. डबा लगेच धू."

पट्टी निळी होती. पेटी आईच्या गळ्यालाच टेकलेली होती, तिला फक्त आईचा घसा कळत होता. ते एकोणीस सेकंद आई मनात काहीतरी बोलत होती. खाली यंत्राने नम्रपणे विचारलं होतं: 'अंदाजे मजकूर उपलब्ध. पाहायचा आहे का?'

रेवतीचं बोट तिथे गेलं. मुलगीच होती ती, हक्क होता तिचा. एक बटण दाबायचं आणि कळणार होतं की आई रागावली होती, की उत्तर ओळखून बसली होती, की नुसती बसच्या पाट्या वाचत होती. बोट बराच वेळ तसंच राहिलं. मग तिला व्हरांड्यातल्या मुलीचा हलणारा गळा आठवला. ती बोलेपर्यंत त्या गळ्यात काय होतं, ते फक्त तिचं होतं.

तिने 'नाही' दाबलं. फाईल पुन्हा ओढून आणखी एक ओळ लिहिली: 'मूल विचार करत आहे एवढंच शिक्षकाला दिसावं. काय विचार करत आहे, ते यंत्राने कोणालाही सांगू नये.'

तिचा स्वतःचा गळा मात्र कुठल्याच यंत्रात नोंदला गेलेला नव्हता. त्या एकोणीस सेकंदांत तिच्या आत काय होतं, हे जगात फक्त तिलाच माहीत होतं.

दातीर सरांनी दार ढकलून डोकं आत घातलं. "मॅडम, दुपारचं सत्र सुरू करायचं ना? सगळे जेवलेत."

"दोन मिनिटं थांबा, सर."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. दार हळूच ओढून घेतलं.

रेवतीने ध्वनिमुद्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं. गलका, शेंगावाला, सळसळ. ती उठून उभी राहिली, वर्गात नाव घेतल्यावर उभं राहायचं तशी.

"...मी चुकते का गं?"

पट्टी सरकू लागली. एक, दोन, तीन, चार. सात. आठ. आई वाट पाहत होती.

"नाही, आई," रेवती म्हणाली. या हॉलमध्ये तिने हा शब्द कधी उच्चारला नव्हता. तिने घसा साफ केला आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "नाही, आई. तू चुकत नव्हतीस. मी चुकत होते. आणि तू विचारलंस ना, तेव्हाच मला माहीत होतं."